युद्धबंदीचे कथन आणि मराठी रसिक

मराठी गद्याच्या इतिहासात तुरुंगाला मानाचे स्थान आहे, हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने अंदमानची कोठडी मराठी घराघरांत पोचविली. आम्हां गोमंतकीयांच्या जवळचे उदाहरण मोहन रानडे यांचे. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले आणि १९६९ साली सुटले. त्यांचे ‘सतीचे वाण’ हे याच परंपरेतील पुस्तक होय.

या परंपरेविषयी आदर बाळगूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. बंदिवासाचे इतके समृद्ध वाङ्मय ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाङ्मयविचारात शत्रूच्या हाती सापडलेल्या सामान्य शिपायाला जागा का नसावी? मराठी माणूस लढला नाही असे नाही, पकडला गेला नाही असेही नाही. तरीही ‘बंदिवान’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे देशभक्त उभा राहतो, शिपाई उभा राहत नाही. या अनुपस्थितीचे कारण शोधणे आणि असे कथन हाती आले तर ते कोणत्या दृष्टीने वाचावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन बंदिवासांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. सत्याग्रही किंवा क्रांतिकारक तुरुंगात जातो तेव्हा तुरुंगाचा अर्थ तो आपल्याबरोबर घेऊन जातो. शिक्षेची शक्यता त्याने आधीच पत्करलेली असते. त्यामुळे कोठडीतले प्रत्येक कष्ट त्याच्या निश्चयाला साक्षी राहतात. प्राचीन साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तो युद्धवीर नसला तरी धर्मवीर असतो, आणि वीररसाचा स्थायीभाव जो उत्साह तो बेड्या पडल्या तरी मावळत नाही. शिपायाचे तसे नाही. तो लढण्यासाठी गेलेला असतो, बंदी होण्यासाठी नव्हे. बहुधा शरणागतीचा निर्णयही त्याचा नसतो. वरिष्ठ अधिकारी पांढरे निशाण उभारतो आणि सकाळी सैनिक असलेला माणूस दुपारी कैदी होतो. त्याच्या दुःखाला आधीपासून ठरलेला अर्थ नसतो. तो अर्थ त्याला वाळूत, उपासमारीत, परक्या भाषेच्या शिव्यांत स्वतः शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तो सापडतही नाही.

या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत मोठे आणि आपल्याशी सर्वांत निकटचे उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धातील कुत-अल-अमाराचा वेढा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरील या गावात जनरल टाउनशेंड याची सहावी डिव्हिजन अडकली. या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पुणे डिव्हिजन’. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि या पलटणींतील मराठे दख्खनच्या गावांतून व कोकणपट्टीतून भरती झालेले होते. १९१५ च्या ७ डिसेंबरला वेढा पडला आणि १९१६ च्या २९ एप्रिलला सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. वेढ्याच्या अखेरच्या महिन्यांत अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती मागविण्यात आली. तरीही शिपायांचा संकोच लवकर सुटला नाही आणि अपुऱ्या अन्नाने त्यांच्यात रक्तपितीसारखे रोग बळावले. ज्यांच्या पूर्वजांची कीर्ती घोड्याच्या पाठीवर उभी आहे, त्यांच्यापुढे घोड्याचे मांस येऊन पडावे, ही घटना कोणत्याही पोवाड्याच्या चालीत बसणारी नाही.

शरणागतीनंतरचा अध्याय याहून कठोर आहे. अधिकाऱ्यांना आगबोटीने बगदादकडे नेण्यात आले. शिपायांना पायी चालविण्यात आले: बगदाद, समारा, मोसुल आणि तेथून वाळवंट ओलांडून रास-अल-ऐन. तेथे बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर कैद्यांना जुंपण्यात आले. भूक, आमांश, ऊन आणि पहारेकऱ्यांचा मार यांनी हजारो माणसे वाटेत आणि छावण्यांत मेली. स्वतः टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर सुखाने राहिला. एकाच शरणागतीचे हुद्द्याप्रमाणे दोन वेगळे बंदिवास झाले, आणि मराठी शिपायाच्या वाट्याला आला तो पायी चालण्याचा.

या प्रकरणाची कथा हिंदी भाषांपैकी कोणत्या भाषेने सांगितली? बंगालीने. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे बंगाल अँब्युलन्स कोअरमधील एक स्वयंसेवक. ते कुतमध्ये अडकले, कैद झाले, रास-अल-ऐन आणि अलेप्पो येथील इस्पितळांत काम करीत त्यांनी बंदिवास काढला आणि ते जिवंत परतले. युद्धानंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक कलकत्त्यास निघाले. त्याच रणभूमीवर कॅप्टन कल्याण मुखर्जी नावाचे डॉक्टर होते. तेही कुतला पकडले गेले आणि १९१७ साली कैदेतच वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, ऐंशीच्या घरात असताना नातवाची पत्रे जुळवून ‘कल्याण-प्रदीप’ हा ग्रंथ १९२८ साली सिद्ध केला. म्हणजे बंगालीत या एका वेढ्याची दोन पुस्तके झाली. तीन पलटणी ज्यांच्या नावाने ओळखल्या जात त्या मराठ्यांच्या भाषेत कुत हे नाव वाङ्मयाच्या नकाशावर उमटलेच नाही.

या फरकाचे एक कारण उघड आहे. बंगाली स्वयंसेवक सुशिक्षित मध्यमवर्गातून आला होता. लेखणी हे त्याच्या घरातले साधन होते. मराठा शिपाई शेतकरी घरातला, बहुधा निरक्षर. पत्र लिहावयाचे तरी दुसऱ्याच्या हाताने. निरक्षरतेने त्याचे तोंड बंद झाले हे खरे. परंतु एवढेच कारण पुरेसे नाही. शिपाई घरी परतला असेल तेव्हा त्याच्या गावात शाळामास्तर होता, तलाठी होता, कीर्तनकार होता. जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्रे होती. ऐकून लिहून घेणारा कोणी हवा होता. तो पुढे आला नाही, कारण शिपायाजवळ जे सांगण्यासारखे होते ते ऐकण्याची आपल्या रसिकतेची तयारी नव्हती. हा दोष केवळ शिक्षणाचा नव्हे, अभिरुचीचाही आहे, आणि समीक्षेचा संबंध येतो तो येथे.

आपली युद्धविषयक अभिरुची पोवाडे आणि बखरी यांवर पोसलेली आहे. तिला चढाई कळते आणि वीरमरण कळते. या दोहोंच्या मधली अवस्था तिला अडचणीची वाटते. पानिपतचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेल्यांसाठी आपल्याजवळ शब्दांचा तोटा नाही. त्या दिवशी आणि नंतर जे पकडले गेले, गुलाम झाले, त्यांच्याविषयी मराठी वाङ्मय जवळजवळ मूक आहे. पानिपतावरून परत आलेला माणूस आपल्या कल्पनेत ठसला तो तोतयाच्या रूपाने. सदाशिवरावभाऊ म्हणून मिरविणाऱ्या इसमाने १७७६ साली कोकणात बंड माजविले, पुढे त्यावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. शत्रूच्या मुलखातून परतणारा म्हणजे संशयास्पद, कदाचित खोटा, हा संस्कार असा दृढ झाला. दुसऱ्या बाजूला पार्वतीबाई भाऊ परत येतील या आशेवर १७८३ पर्यंत सौभाग्यचिन्हे ठेवून राहिल्या. वाट पाहणारी स्त्री आणि संशय घेणारा दरबार, या दोहोंच्या मध्ये जो खरा बंदिवान असावयाचा त्याची जागा रिकामीच राहिली.

आमच्या डिचोली-सत्तरीच्या इतिहासातही हीच रिकामी जागा दिसते. १८९५ साली गोव्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला पाठविण्याचा हुकूम झाला, त्यांनी तो मोडला, राणे त्यांना मिळाले आणि बंड पेटले. बंडाचे नेते दादा राणे यांना तिमोरला हद्दपार करण्यात आले. बंडाची गोष्ट आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. तिमोरमधल्या दिवसांची गोष्ट सांगण्याचा प्रसंग सहसा येत नाही, कारण तिच्यात तलवार नाही.

आता या अभिरुचीला पर्याय कोणता? माझ्या मते तो आपल्या साहित्यशास्त्रातच आहे, फक्त त्याकडे उलट्या बाजूने पाहिले पाहिजे. भरतमुनींनी आठ स्थायीभाव सांगितले आणि तेहतीस व्यभिचारी अथवा संचारी भाव सांगितले. स्थायी तो राजा, संचारी ते त्याचे येणारेजाणारे सेवक, अशी आपली समजूत. त्या संचारी भावांपैकी काहींची नावे पाहा: निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, श्रम, दैन्य, चिंता, मोह, स्मृती, धृती, व्रीडा. युद्धकैद्याच्या छावणीतील एका दिवसाचा हा जणू अनुक्रमच आहे. सकाळची ग्लानी, कामावरचे श्रम, शेजाऱ्याच्या वाट्याला भाकरीचा मोठा तुकडा आला म्हणून असूया, पहारेकऱ्यापुढे हात पसरताना दैन्य, त्याची व्रीडा, रात्री घराची स्मृती. उत्साहाला येथे क्षेत्र नाही, कारण कृतीला वाव नाही. शोकही येथे स्थिर होत नाही, कारण शोक करण्याइतकी फुरसत आणि शक्ती जगू पाहणाऱ्याजवळ नसते. राजा नसलेल्या राज्यात सेवकच राज्य करतात, तसे येथे संचारी भावच कथनाचे मुख्य द्रव्य होतात. आणि त्यांतील एक, धृती, हळूहळू स्थायीची जागा घेते. धृती म्हणजे मोठा निश्चय नव्हे. उद्याची सकाळ पाहावयाची एवढीच तिची मागणी असते.

ही कसोटी घेऊन ‘अभि ले बगदाद’कडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. कुत पडल्यावर सर्वाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीचे तुकडे करून ते बुटांत लपविले आणि बगदादला पोचल्यावर त्यांवरून पुन्हा नोंदी केल्या. या एका तपशिलात धृतीचे सारे स्वरूप आहे. पायाला बूट असणे हाच जेथे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता, तेथे या माणसाने बुटात कागदाला जागा दिली. त्याने हे कृत्य पराक्रम म्हणून मिरविलेले नाही. नोंद कशी टिकली एवढेच सांगितले आहे. दुसरा विशेष याहून मोठा आहे. रास-अल-ऐनच्या परिसरात आर्मेनियन लोकांची जी हद्दपारी आणि कत्तल चालली होती तिचे दर्शन या बंदिवानाला घडले, आणि त्याने ते लिहून ठेवले. स्वतः कैदी असलेला, भुकेलेला माणूस आपल्याहून अधिक दुर्दैवी माणसाकडे पाहू शकतो, त्याची विचारपूस करू शकतो, ही त्या पुस्तकाची नैतिक उंची होय. बंदिवासाने दृष्टी आत वळते आणि आकुंचित होते. ती पुन्हा बाहेर वळविणे हे तेथले खरे शौर्य आहे, मग त्याला वीररसाच्या यादीत स्थान असो वा नसो.

या प्रकारच्या गद्याचे बीज मराठीत नव्हतेच असे मात्र समजू नये. नाना फडणिसांच्या छोट्याशा आत्मवृत्तात पानिपतावरून जीव वाचवून निघालेल्या कोवळ्या तरुणाचे भय आणि धावपळ आहे, स्वतःच्या दुर्बलतेची कबुली आहे. त्यात स्वतःला वीर ठरविण्याचा यत्न नाही. नानांची पुढची मुत्सद्देगिरी आपण पाठ केली आणि ही चार पाने चरित्राचे साधन म्हणून बाजूस ठेवली. ती वाङ्मय म्हणून वाचली असती, तर पुढल्या शिपायाला बोलण्याचा एक नमुना मिळाला असता.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन पुस्तकांना हीच कसोटी लावून पाहू. दोहोंचे नायक मराठी आडनावाचे आणि दोन्ही पुस्तके इंग्रजी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. पहिले ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’, १९६९ साली प्रसिद्ध झालेले. सातव्या ब्रिगेडचे हे अधिकारी १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू येथील पराभवानंतर चिनी सैन्याच्या हाती सापडले आणि पुढील मे महिन्यात परतले. पुस्तकाची कल्पना कैदेतच सुचली. पण पुस्तकात कैदेपेक्षा पराभवाची कारणमीमांसा फार मोठी आहे. दिल्लीचे निर्णय, रसदीची दुर्दशा, वरिष्ठांची बेफिकिरी यांचा हिशेब मांडताना लेखकाची लेखणी तळपते, स्वतःच्या बंदिवासाकडे येताना ती आखडती होते. याला दोष म्हणून चालणार नाही. परतलेल्या कैद्यांना शत्रूने त्यांचे मन फिरविले नाही ना, या चौकशीला तोंड द्यावे लागले होते. ज्याला प्रथम आपल्या निष्ठेचे उत्तर द्यावयाचे आहे तो आपल्या दैन्याची कथा कशी सांगेल? व्रीडा आणि संताप यांनी स्मृतीला मागे सारले, आणि एका मोठ्या पुस्तकातून एक लहान, कदाचित अधिक टिकाऊ, पुस्तक निसटले.

दुसरे पुस्तक फेथ जॉन्स्टन या कॅनडाच्या लेखिकेचे ‘फोर माइल्स टु फ्रीडम’, २०१३ सालचे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह भिंत फोडून निसटले. अफगाण सीमेपासून काही मैलांवर, लंडी कोतल येथे, त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली; ते स्टेशन १९३२ सालीच बंद झाले होते, आणि त्या प्रश्नानेच ते पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. ही कथा लोकप्रिय झाली याचे नवल नाही, कारण पलायनात उत्साहाला पुन्हा क्षेत्र मिळते आणि आपली जुनी अभिरुची तृप्त होते. सावध वाचकाने मात्र पलायनाच्या त्या थोड्या तासांइतकेच मागचे महिने वाचावेत. नवख्या कैद्यांची एकमेकांशी हळूहळू होणारी ओळख, बेत करणारे आणि बेतात न पडणारे यांच्यातील मूक अंतर, ज्यांनी निसटावयाचे नाकारले त्यांचाही सन्मान राखण्याची दक्षता, ही या कथेची खरी अंगे आहेत.

जिवंत परतलेल्याविषयी समाजाच्या मनात जो अवघडलेपणा असतो तो एकट्या आपला नाही, हे गोमंतकाने फार जवळून पाहिले आहे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याच्या तुकड्या दोडामार्गाकडून, डिचोलीवरून पुढे सरकल्या आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा शरण आले. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. वास्को आणि फोंडा येथील छावण्यांत काही महिने काढून १९६२ च्या मे महिन्यात ते स्वदेशी परतले. सालाझारने त्यांना अखेरच्या माणसापर्यंत लढण्याची आज्ञा दिली होती. ती न पाळता हजारो जीव वाचविणाऱ्या गव्हर्नरला १९६३ साली सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळाली. ज्यांच्या सत्तेविरुद्ध आम्ही होतो त्यांच्या शिपायांविषयी करुणा बाळगणे गोमंतकीय वाचकाला अवघड आहे, हे मान्य. तरी हुकूमशहाला मेलेला शिपाई हवा होता आणि जगलेला नको होता, ही गोष्ट समजून घेण्यास आमच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा?

येथे एक आक्षेप येईल. अशी कथने इतिहासाची साधने होत, वाङ्मय कसे? त्यांत कल्पना नाही, अलंकार नाही, रचना नाही. या आक्षेपाचे उत्तर असे की, भुकेने खचलेल्या माणसाच्या कथनात अलंकार शोधणे हीच अरसिकता आहे. त्याची रचना मोजमापात असते: किती कोस चाललो, किती जण निघालो, किती पोचलो, पीठ किती मिळाले. हे आकडे शुष्क नाहीत. जेथे माणसाला संख्या करून टाकलेले असते तेथे नेमका हिशेब ठेवणे म्हणजे माणूसपण राखणे होय. उलट, कथनकार जेव्हा स्वतःच्या जगण्याला गुणाचे फळ ठरवू लागतो, मी वाचलो कारण मी धीराचा होतो असे सुचवू लागतो, तेव्हा ते कथन कितीही सुबक असले तरी खोटे वाटू लागते. धीराचे होते असे कितीतरी वाळूत राहिले. जगलेल्याला ही जाणीव असणे आणि ती त्याच्या वाक्यावाक्यात उमटणे, ही अशा वाङ्मयाची शेवटची आणि सर्वांत अवघड कसोटी आहे.

कुतचा वेढा अनुभवलेला मराठा शिपाई आता हयात नाही. त्याच्या तोंडून काही ऐकण्याची वेळ निघून गेली. परंतु त्यानंतरच्या युद्धांतून परतलेली माणसे कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात राहिली आणि राहत आहेत. ती बोलतील किंवा न बोलतील हे पुष्कळसे ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. आपण त्यांच्याकडे पोवाडा मागितला तर ती पोवाडा देतील, कारण शिपाई आज्ञाधारक असतो. आणि त्या पोवाड्याखाली त्यांचे खरे दिवस पुन्हा पुरले जातील. आपण त्यांना पीठ किती मिळत होते एवढेच विचारले, आणि उत्तर संपेपर्यंत थांबलो, तर मराठीला आजवर नसलेले एक गद्य मिळण्याचा संभव आहे. रसिकतेची तयारी म्हणजे आणखी वेगळे काय असते?